समोरासमोरच्या दोन बँका

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. वहिनीचा खोकला थांबला का?

मी बँकसुधारणा समितीत गेले, तेव्हा “आमच्या सरकारी बँका मोडायला निघालीस!” म्हणून तू फोन आपटलास. त्यावर आज काही लिहीत नाही.

आमचा पहिला नियम लागू झाला, हे तुला माहीत आहेच. सरकारी असो की खासगी, एक बँक अडकली तर तिच्या खातेदारांना बाकीच्यांनी पैसे द्यायचे. कागदावर किती सोपं! मंगळवारी बाजारातली ती खासगी बँक बुडाल्याची आवई उठली. तडक तिथं गेले. दाराशी ही झुंबड! शटर अर्धं खाली, आत रोखपाल पांढराफटक. एक म्हातारी शिक्षिका शटरवर थापा मारत होती, “माझी जन्माची पुंजी आहे हो!” मी नियम सांगायला लागले, तर त्या गलक्यात कुणाला ऐकूच जाईना.

तेवढ्यात समोरच्या सरकारी बँकेतून एकजण बाहेर आला. हे लिहायचं नव्हतं खरं तर. तू बाहेर आलास, दादा. मागून तुझी माणसं टेबलं उचलून आणत होती. स्टुलावर चढून तू ओरडलास, “यांचे पैसे आम्ही देतो! ज्याला हवेत त्यानं इकडे यावं!”

“आणि तुमचेच संपले तर?” कुणीतरी विचारलं.

“माझी ठेवही इथंच आहे. ती सगळ्यांच्या शेवटी काढीन.”

शिक्षिका पुढे झाली. नोटा हातात घेतल्या, तुझ्याकडे पाहिलं आणि परत सरकवल्या. “मिळतात ना? मग राहू देत.” तिच्यामागचे दोघे हसले, निघून गेले. बघता बघता रांग विरघळली, भाजीवाल्यांच्या आरोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

केवढा हा डोलारा, आणि तो एकमेकांना अनोळखी माणसांच्या शब्दावर उभा! ज्या सुधारणेविरुद्ध तू मोर्चे काढलेस, तिला तूच टेकू दिलास.

मी खांबाआड होते. हाक मारली नाही. तू जिंकल्यासारखा हसशील, याची भीती वाटली.

गुरुवारी सरकारी शाखा कमी करण्याचा नियम समितीपुढे येतोय. मी त्याला होकार देणार होते. मंगळवारी समोर तुझी शाखा नसती तर, या विचारानं आता मन धजत नाही. समितीत येऊन मंगळवारचं सगळं सांगशील? भांडायला का होईना, पण ये.

तुझ्या अबोल्याला कंटाळलेली,
बारकी