सगळा शेक एकदम मागू नये

नागपूर, डिसेंबर १९५७

भाटवे नत्थूजींना कवडूचा मनापासून जय भीम. अल्लीपुरात तुम्ही, माही बहीण जिजाबाई आन् ढोरंवासरं खुशाल असाल. माह्यं म्हणाल तर बरं आहे. श्वास आत जाते, फक्त बाहेर निघाले त्याले समजवा लागते.

पुलगावच्या कापसाच्या जिनात रुईत राबता राबता छातीत गाठ झाली, हे तुमाले ठाऊकच आहे. इथं दवाखान्यात मोठ्या मशीनखाली झोपवून एक्स-रेचा शेक देतात. (शेक म्हणतात, पण गरम लागत नाई. मी विचारलं, "चालू कधी होते?" तर म्हणे, "झाली बी.") छातीवर जांभळ्या शाईचा चौकोन काढला, पुसू नको म्हणाले. माह्या बायकोले, रुख्माले वाटलं, पटवारी मोजणी करून गेला.

रोज थोडासाच शेक. मी डॉक्टरले म्हटलं, "साहेब, सगळा आजच देऊन टाका, कापूस येचाले घरी जातो." ते हसले नाईत. म्हणाले, फुप्फुसात बारीक पेशी राह्यतात, धुरळा आन् रोगजंतू खातात, राखणदारच समज. एकदम मारा केला तर काही मरतात, काही बिथरतात, आन् ज्याची राखण कराची तेच फुप्फुस सुजवतात. थोडा थोडा देला तर सावराले वेळ भेटते. "तरीबी किती सोसतीन, आमालेबी नक्की ठाऊक नाई." म्हणजे इतकी वर्षं माह्या छातीत कोणी रुई खाऊन राह्यलं होतं, आन् मले वाटे मी एकटाच राबतो!

बाजूच्या खाटेवर हिंगणघाटचे मोतीलालशेठ होते. त्याइले दुकानाची घाई. मधातले दिवस चुकवले, मग भांडून राह्यलेला शेक संगच घेतला. मले म्हणे, "कवडू, तू बस दिवस मोजत." काही आठवड्यांनी ताप आला, कोरडा खोकला लागला. शेवटी बोलणं सरलं, नुसता माहा हात धरून ठेवत. (गावात ज्याइनं माह्या हातचं पाणी घेतलं नसतं, तेच आता माहा हात सोडत नव्हते.) सोमवारी खाट रिकामी झाली.

मी मात्र शिस्तीनं थोडा थोडाच घेतला. नर्सबाई म्हणते, असा शहाणा पेशंट पाह्यला नाई. काळजी करू नका.

तुमचा,
कवडू

ता. क. जिजाबाईले सांगजा, मी लठ्ठ झालो.

आणखी ता. क. कालपासून डॉक्टरनं शेक बंद केला. ताप मलेबी आहे. डॉक्टर म्हणाले, घरचं मोठं माणूस बोलव, बोलाचं आहे. रुख्मा येचणीले गेली, तिले इतक्यात सांगू नका. तुमचीबी येचणी असन, तरी येजा. डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हीच ऐकजा, मले सांगू नका. खाटेपाशी येऊन फक्त "चाल, घरी नेतो" इतकं म्हणजा.