मावशीच्या वाडीतली आडवी झाडं

आई, तुझ्या धाकट्या बहिणीची वाडी आडवी झाली. वादळ एका सकाळीत येऊन गेलं. माड आणि पोफळी मुळांसकट उपटून एकमेकांवर पडल्या, घर तेवढं उभं राहिलं. मावशीचं पोट त्या वाडीवर, हे तुला मी काय सांगायचं! आणि मी, बोरीवलीत पेन्शन खात बसलेली, सोसायटीतल्या बायकांना घेऊन तिच्या मदतीला गेले. टेम्पोभर माडाची रोपं घेऊन. लहानपणी शाळेत सिस्टरनी पूरग्रस्तांसाठी वस्तू मागवल्या होत्या, तेव्हा मी माझा झालरीचा फ्रॉक घेऊन निघाले होते. तू भाकरी थापतेयस आणि मागे न बघताच विचारतेस, "त्यांनी फ्रॉक मागितला का गं?" मग उठून पिशवीत आपला चांगला तवा घालतेस. मला केवढा राग आला होता! तवा घेऊन कॉन्व्हेंटात कोण जातं?

मावशी दारात उभी होती. रोपं बघून म्हणाली, "बरी आहेत गो. पण लावू कुठे, तुझ्या डोक्यावर?" खरंच, वाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. खोडांवर खोडं पडलेली, आणि आमच्यापैकी एकीनेही साधी करवत आणली नव्हती. तरी सेक्रेटरीबाई बॅनर पसरून म्हणतात, "मावशी, जरा हसा ना, फोटो ग्रुपवर टाकायचाय." मी म्हटलं, "तिची वाट लागलीय, हसायला काय लग्न आहे इथे?" परतताना टेम्पोत माझ्याशी कोणी बोललं नाही. बरंच झालं.

तेव्हापासून मी झाडं कापणारी माणसं शोधतेय. ती आधी रस्त्यांवर गेली, मग मोठ्या बागांत. मावशीच्या दारापर्यंत गाडी जात नाही, खोडं डोक्यावरून काढावी लागतील, म्हणून तिचं काम कायम मागे. सरकारी कचेरीतल्या एका साहेबाला मी फोनवर इंग्रजीत झापलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बघतो ना." अजून बघतोच आहे. तोवर खोडं कुजली, त्यांत भुंगे झाले. मागच्या दारी भांड्यांच्या पाण्यावर मावशीने जगवलेली आमची रोपं त्या भुंग्यांनी कोंबापासून पोखरली. आता ते शेजाऱ्यांच्या वाचलेल्या माडांवर जातात आणि शेजारी मावशीलाच ऐकवतात, साफ कर, नाहीतर विकून मोकळी हो. या वयात वाडी विकून ती जाणार कुठे? माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर? ती येणार नाही, आणि आली तर दिवसभर करेल काय?

दर फोनला ती विचारते, "पावसाआधी माणसं येतील ना गो?" मी म्हणते, येतील. कुठून येतील, मला ठाऊक नाही. गावात तरणी माणसं उरलीत किती, आणि इथे माझं ऐकतं कोण?

तू गेलीस, तुला हे कळवता येत नाही, तेच बरं. काल तिचा फोन आला. मी समोरच बसले होते. वाजू दिला. बंद झाला तेव्हा मला हायसं वाटलं.