पेटीघरचा लिलाव

दहिवली, कर्जत
२३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. थंडीनं अप्पांचा गुडघा जरा कुरकुरतो, पण सकाळी नऊला दुरुस्तीला आलेली बाजाची पेटी उघडून बसले की जेवणापर्यंत उठत नाहीत. आसपासची भातं झोडून झाली. पलीकडच्या खळ्यावरून पेंढ्याचा वास थेट आपल्या ओसरीत येतो. वहिनी कशी आहे? नाशिकला चांगलीच थंडी पडली असेल.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. परवा तू अप्पांना म्हणालास, "श्रियाला दे." दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी नुसतं "हो, हो" केलं आणि फोन परत त्यांच्या हातात दिला. तोंडानं जमेना, म्हणून लिहायला बसले.

आधी चांगली बातमी. आपल्या दुकानाचं, पेटीघरचं, इंटरनेटवरचं पान पुन्हा सुरू झाल्यापासून आठ दिवसांत तीन विचारणा आल्या. एक सोलापूरच्या शाळेची आहे, पाच पेट्या एकदम. अप्पा खूश आहेत. मला म्हणाले, "आता सूर तू लाव, मी भाते बघतो." सूर लावायला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता!

पान बंद होतं तेव्हा मात्र कठीण गेलं. मागच्या महिन्यात चौक गावचा नामा भजनी मंडळाची पेटी डोक्यावर घेऊन आला, तोच घाबराघुबरा. "ताई, मास्तर बरं हायत ना? मोबाईलवर तुमचं पान उघडलं तर लिवलंय, हे नाव विकायचं हाय. आमी म्हटलं मास्तर गेलं, दुकान मोडलं."

अप्पा आतून ओरडले, "नामा, आहे रे मी अजून! भाता फाटलाय का, ते सांग."

आम्ही सगळेच हसलो. पण पान का बंद पडलं ते मला ठाऊक होतं.

तू अप्पांना सांगितलंस ते खरंच आहे. कॉलेजात असताना तू पेटीघरच्या वेबसाइटचं नाव घेतलंस, त्याचं वर्षाचं हजारभर रुपये भाडं तुझ्या कार्डावरून आपोआप जायचं. कार्ड बदललं, भाडं थकलं, आणि कंपनीच्या मेल तुझ्या जुन्या पत्त्यावर पडून राहिल्या. पण एक गोष्ट तू विसरलास. नाव घेताना दुसरा पत्ता म्हणून तू माझा दिला होतास.

पाचही मेल मला आल्या, दादा. पाचही मी वाचल्या.

खोपोलीची नोकरी सोडून मी अप्पांच्या शेजारी बसले, तेव्हा तू म्हणाला होतास, "भुसा खाऊन पोट भरत नाही, श्रिया." मी म्हटलं, "तू तुझं घर सांभाळ." त्यानंतर आपलं बोलणं तुटलं. पासवर्ड तुझ्याकडे होता, म्हणजे मला एक फोन करायचा होता, बस. पहिली मेल आली तेव्हा वाटलं, त्यालाही आलीच असेल. तिसरीला वाटलं, बंद पडू दे, मग येईल धावत. पाचवी आली आणि मुदत संपली.

मग कळलं की मुदत संपलेलं नाव कंपनी सोडून देत नाही, स्वतःच लिलावात काढते. वर्षाला हजार देणारा गेला तर गेला, बोलीत त्याच्या कितीतरी पट मिळतात आणि ते सगळे कंपनीचे. आधीच्या मालकाला दमडी नाही. मी खातं उघडलं आणि बोली लावली. कोण बोली लावतंय ते दिसत नाही, नुसते नंबर. नावांचा धंदा करणारा कुणी एक असावा, तो चार हजारांवर गळाला. उरलो दोघं, मी आणि सात नंबर. शेवटच्या क्षणी कुणी बोली चढवली की वेळ पाच मिनिटांनी वाढतो. दुपारी तीनला संपायचा लिलाव चार वाजले तरी चालूच. त्या सात नंबरला मी काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिता येणार नाही. अठ्ठावीस हजारांवर मी थांबले. माझ्याकडे तेवढेच होते.

संध्याकाळी तुझा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला होता. तू म्हणालास, "अप्पा, नाव मिळालं! पण एक नालायक होता, दोन नंबर. सोडतच नव्हता. हजाराची वस्तू त्याच्यापायी साडेअठ्ठावीस हजारांना पडली."

मी समोरच रीड घासत होते. कानस घसरली, रीड वाया गेली.

दादा, तो दोन नंबर मी.

आपल्याच बापाच्या दुकानाचं नाव आपण दोघं एकमेकांच्या हातून ओढत होतो आणि पैसे तिसऱ्याच्या खिशात पडत होते. त्यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही. पाच वेळा कळवलं होतं. गप्प मी बसले. माझं चुकलं.

चीड आली, रडूही आलं. पण खरं सांगू? त्याहून जास्त बरं वाटलं. तो तासभर मी समजत होते की अप्पांसाठी मी एकटीच भांडतेय. आणि तू तिकडे ऑफिसात बसून, मागे न हटता, भुसा खाणाऱ्यांसाठी बोली चढवत होतास.

काल अप्पांना सगळं सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "बोली लावता येते तुम्हाला, बोलता येत नाही." मग समोरच्या पेटीचा भाता तपासायला लागले. उठताना म्हणाले, "लिही त्याला. मी सांगणार नाही. तू लिही."

आता एकदा घरी ये, आणि या वेळी एकटाच ये. वहिनीला मी नंतर स्वतः बोलावेन. कर्जतला उतरल्यावर रिक्षा करू नकोस, मी स्कूटर घेऊन येते. घरापर्यंतच्या रस्त्यात तुला जे बोलायचं ते बोल, रागाचं असलं तरी. मी ऐकेन, मधे बोलणार नाही.

दोन वर्षं उगाच गप्प राहिलेली,
तुझीच
श्रिया