केमिरीच्या डाव्या डोळ्याची खरी हकिगत

सालातिगा, गुरुवार लेगी, २२ ऑगस्ट २०२४

प्रिय रेंगगानिस,

गिनीपिग पाळणाऱ्यांच्या गटावर तू तेरा तारखेला लिहिलेली हकिगत मी दुकानातून कागदावर छापून आणली आणि तांबड्या पेन्सिलीने तपासली. व्याकरणाच्या नऊ चुका आहेत. त्या आज सोडून देतो. एक वाक्य मात्र सोडता येत नाही. तू लिहितेस : "सोमवारी, पंधरा जुलैला केमिरीच्या डोळ्यात गवताची काडी गेली, माझ्या एयांग आजोबांनी तिला त्याच दिवशी डॉक्टर विगातींकडे नेलं, आणि चार दिवसांत त्या बाईंनी तिचा डोळा घालवला." या वाक्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत.

त्याखाली दोनशेंहून अधिक लोकांनी आपापली मते नोंदवली आहेत. ज्यांनी विगातीचे तोंडही पाहिलेले नाही, त्यांनी तिच्या शिक्षणाविषयी शंका घेतल्या आहेत. परवा मी तिच्या दवाखान्यावरून गेलो. सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेरच्या बाकावर एकही माणूस, एकही पिंजरा नव्हता. महिनाअखेरीस दवाखाना बंद करून ती सोलोला बहिणीकडे जाणार, असे समोरच्या मेंडोआनवालीने भजी तळता तळता मला सांगितले. म्हणून हे पत्र लांबणीवर टाकता येत नाही.

विद्यापीठाच्या ग्रामसेवेसाठी जाताना तू दोन्ही गिनीपिग माझ्या स्वाधीन केलेस आणि दोन पाने भरून सूचना लिहून दिल्यास. तुझ्या आईने तेव्हा फोनवर टोमणा मारला होता : "बाबा, आमच्या लहानपणी तुम्ही आम्हाला असं कधी जपलं नाहीत. उंदरांचं नशीब बघा." मी तिला म्हणालो की ते उंदीर नव्हेत आणि नशिबाचा येथे संबंध नाही. तुझ्या सूचना मी शब्दशः पाळल्या. रोज पेरूची फोड, कांगकुंगचा ताजा पाला, वाळलेले गवत झटकून. तू लिहिलेच होतेस की त्यांच्या डोळ्यांतून दुधासारखे पाणी येते, त्याने ते आपले तोंड धुतात, आणि त्याची काळजी करू नये. दहा तारखेच्या बुधवारी केमिरीचा डावा डोळा ओला दिसला, तेव्हा मला ती सूचना आठवली. मी काळजी केली नाही. त्या दिवसापुरता मी निर्दोष आहे, असे मला वाटते.

गुरुवारी मात्र डोळा अर्धा मिटलेला होता आणि पापणीखाली गवताची बारीक काडी दिसत होती. ती मी चिमट्याने काढली. तुझ्या सूचनांत दुसऱ्या पानावर, अधोरेखित, लिहिलेले होते : "डोळ्याला काहीही झालं तर लगेच विगाती बाईंकडे." मी ते वाचले. मग कुंपणावरच्या नागवेलीची सात पाने तोडली, उकळली, पाणी गाळून निववले आणि त्याने केमिरीचा डोळा धुतला. या घरात डोळा आला की हेच करतात. माझ्या आईने माझे डोळे असेच धुतले, मी तुझ्या आईचे धुतले. एका जनावराच्या डोळ्यासाठी मी, चौतीस वर्षे वर्ग सांभाळलेला माणूस, माझ्याच एका विद्यार्थिनीला विचारायला जाणार होतो काय? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला ज्या स्वरात विचारला, तोच स्वर येथे लिहिला आहे.

शुक्रवारी डोळ्यावर पांढुरकी साय आली. मी पुन्हा विड्याच्या पानांचे पाणी घातले. केमिरीने दात कटकटवले आणि ती कोपऱ्यात अंग फुगवून बसली. पेरू तिने हुंगलादेखील नाही. तेव्हा मी माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब काढले. त्यांनी माझा डोळा महिन्याभरात स्वच्छ केला होता. आणि रेंगगानिस, शनिवारी तिच्या डोळ्याची लाली खरोखर उतरली. मी समाधानाने चहा प्यालो. पुढे मला कळले की ते औषध लाली दाबते आणि जखमेला भरू देत नाही. वरून डोळा शांत दिसतो आणि आतून बुबुळावरचा पडदा विरघळत जातो.

सोमवारी केमिरी जागची हलेना, तेव्हा मी तिला टोपलीत घालून विगातीकडे गेलो. मला पाहताच ती उठून उभी राहिली. "या गुरुजी, बसा. उन्हातून चालत का आलात? निरोप धाडायचा, मी घरी आले असते." तिने केमिरीच्या डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब सोडला, खिडक्या लावल्या आणि निळा दिवा धरला. जिथे जखम असते तिथे तो रंग हिरवा चमकतो. बुबुळाचा अर्ध्याहून अधिक भाग हिरवा झाला. तिने बराच वेळ पाहिले. मग दिवा मालवला आणि माझ्याकडे न पाहता विचारले : "घरचं काही घातलं होतं का, गुरुजी? पानाचं पाणी वगैरे? पुष्कळ लोक घालतात. आमच्या आईनंसुद्धा मांजराला घातलं होतं, मी डॉक्टर झाल्यावर."

केमिरीच्या गालावरचे पांढरे केस पानाच्या पाण्याने पिवळट झाले होते. ते आम्हा दोघांनाही दिसत होते. मी म्हणालो, "नाही. आज सकाळीच लागले आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि कागदावर "आज सकाळी" असे लिहिले.

तू तिच्यावर आरोप करताना ज्या कागदाचे छायाचित्र जोडले आहेस, तो हाच कागद. त्यावर तिने मला उघडे न पाडण्यासाठी माझे खोटे उतरवून घेतले. उपचार मात्र जुन्या, चिघळलेल्या जखमेचे केले. दर दोन तासांनी घालायचे थेंब, वेदना कमी करणारे औषध, आणि पिचकारीने भरवायचा पातळ लगदा, कारण गिनीपिग एक दिवस जरी उपाशी राहिला तरी त्याचे आतडे थांबते. भरवायचे कसे, हे तिने स्वतः करून दाखवले. मी ते सर्व घड्याळ लावून केले. आणि तिच्या थेंबांच्या मध्ये, सोमवारी व मंगळवारी, माझेही घालत राहिलो. दोन औषधे एकापेक्षा बरी, असा माझा हिशेब होता.

बुधवारी तिने पुन्हा निळा दिवा धरला आणि तिचा चेहरा उतरला. निरोप देताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "एक सगळ्यांनाच सांगते, गुरुजी, तुम्हाला म्हणून नाही. घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल ना, तर त्या बाटल्या जनावरांपासून लांब ठेवायच्या. त्यानं पडदा विरघळतो." शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा तेव्हा माझ्या डोळ्यांवरच होता. मी म्हणालो, "माझ्या घरात प्रत्येक बाटली आपापल्या जागी असते." ती म्हणाली, "माहीत आहे मला."

तेवढ्या बोलण्यातही मी खरे सांगू शकलो असतो. तिने मला त्यासाठी दार उघडे ठेवले होते आणि मला शरम वाटू नये म्हणून स्वतः बाजूला उभी राहिली होती. वडीलधाऱ्याला तोंडावर खोटे पाडायचे नाही, हे आपल्याकडे प्रत्येक मुलाला शिकवतात. तिच्या वर्गाला ते मी शिकवले होते. घरी येऊन मी माझे थेंब मोरीत ओतले. शुक्रवारी डोळा फुटला आणि विगातीला तो काढावाच लागला. दोन तास ती केमिरीपाशी बसून होती. केमिरी शुद्धीवर आल्यावर पहिला घास विगातीने स्वतःच्या हाताने भरवला.

तू परत आलीस, केमिरीला छातीशी धरून विचारलेस, "कधी झालं हे, एयांग?" आणि मी तुला कागदावरची तारीख सांगितली. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि त्यावर ती हकिगत उभी केलीस. त्यातली प्रत्येक चूक माझ्या तोंडून निघालेली आहे. तू लिहिलेस ते मी दुसऱ्याच दिवशी वाचले होते. आठ दिवस मी व्याकरण तपासत बसलो.

परवा दवाखान्यावरून जाताना विगातीने मला पाहिले. तिने मला आत बसवले, केमिरीची खाच नीट भरली का, ती डाव्या बाजूला धडकते का, ते विचारले. तुझ्या लिखाणाचा विषय तिने काढला नाही. निघताना एवढेच म्हणाली, "रेंगगानिसवर रागावू नका, गुरुजी. तिचं जनावर होतं." तेव्हाही मी खरे सांगितले नाही.

म्हणून तुला हे लिहितो आहे. खालची यादी तुझ्या हकिगतीखाली, त्याच गटावर, माझ्या पूर्ण नावाने आज लाव. शब्द सौम्य करू नकोस आणि वयाचे कारण देऊ नकोस. या पत्राची नक्कल घेऊन मी आता दवाखान्यात जातो आहे. विगाती खुर्ची देईल. मी उभा राहूनच वाचणार आहे. त्यानंतर तुला माझ्याशी बोलावेसे वाटले नाही तरी, जखम भरेपर्यंत माझ्याकडे ठेवलेल्या केमिरीला न्यायला ये. तिच्या सूचना आता मी लिहून ठेवल्या आहेत.

तुझाच एयांग,
प्रवोतो

सोबत : दुरुस्त केलेल्या तारखा. वार आणि आपल्या पाच दिवसांच्या चक्रातला बाजारवार दोन्ही दिले आहेत, म्हणजे कोणाला शंका राहू नये.

बुधवार पोन, १० जुलै. केमिरीचा डोळा ओला दिसला. दुखापत याच दिवसाची.

गुरुवार वागे, ११ जुलै. काडी मी काढली. डॉक्टरकडे नेले नाही. विड्याच्या पानांचे पाणी घातले.

शुक्रवार क्लिवोन, १२ जुलै. पुन्हा तेच पाणी. संध्याकाळपासून माझ्या शस्त्रक्रियेचे थेंब.

सोमवार पोन, १५ जुलै. डॉक्टर विगातींनी केमिरीला प्रथम पाहिले. त्यांनी विचारले, मी खोटे सांगितले.

मंगळवार वागे, १६ जुलै. माझे थेंब या दिवसापर्यंत चालू होते. त्यांना सांगितले नव्हते.

बुधवार क्लिवोन, १७ जुलै. त्यांनी पुन्हा संधी दिली. मी पुन्हा खोटे सांगितले.

शुक्रवार पाहिंग, १९ जुलै. डोळा काढला. डॉक्टर विगातींमुळे केमिरी जगली.

गुरुवार लेगी, २२ ऑगस्ट. मी खरे सांगितले. ही नोंद पंधरा जुलैची असायला हवी होती.