पिठाचे हात

प्रिय चिंगे,

परवा फोनवर तू घाईत होतीस, मागे बाळ टाहो फोडत होतं. त्यातही तू शेठची चौकशी केलीस, म्हणजे त्या खाजऱ्या कुत्र्याला अजून घरात ठेवलंय का असं विचारलंस. ठेवलंय. या घडीला शेठ माझ्या पायाशी चारी पाय वर करून घोरत आहेत, पोटावर नवी लव आली आहे आणि मघापासून एकदाही अंग खाजवलेलं नाही. तुला यात काय मोठंसं वाटेल! पण मागच्या वर्षी हेच पोट पाहिलं असतंस तर तुला घास गिळवला नसता. म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. फोनवर मला सुचत नाही, आणि तुझा बाबा खोलीत असला की त्याच्याविषयी चांगलं बोलायची सोय नाही, लगेच उठून निघून जातो.

तुझी आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. हा कुत्रा बेकरीच्या मागच्या दाराशी येऊन बसायला लागला. बसण्याचा रुबाब असा की जणू सगळा धंदा हाच चालवतो, म्हणून कारागिरांनी त्याला शेठ करून टाकलं. बाबाने त्याला घरी आणलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मग सुरू झाली खाज. आधी नुसतं पंजे चाटणं, मग कान, काखा, पोट. कातडी लालभडक, जागोजागी टक्कल, आणि घरभर एक आंबूस वास. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं अडकवलं, तर ते दारांच्या चौकटींवर आपटत हा फिरायचा आणि तोंड पोचत नाही म्हणून भिंतीला अंग घासायचा. भिंतीवर रक्ताचे ओरखडे उठायचे. मी सरळ सांगून टाकलं होतं की याचे हाल बघवत नाहीत, बाईंना सांगून एकदाची सुटका कर त्याची. तुझा बाबा उठला. फडकं ओलं करून आणलं आणि भिंत पुसत बसला.

बाईंचा संशय गव्हावर होता. आता बोल! बेकरीवाल्याच्या कुत्र्याला गव्हाची ॲलर्जी. काही महिने मासे आणि भोपळा, बाकी कशाचा कणही पोटात जाता कामा नये, मग बघू म्हणाल्या. ज्या माणसाने घरात कधी चहाचं आधण ठेवलं नाही, तो भोपळा उकडून, काटे काढून, मासा बोटांनी चाचपून बघायला लागला. बिस्किटांचे डबे माळ्यावर गेले. मला माझा टोस्ट स्वयंपाकघराचं दार लावून, चोरासारखा खावा लागायचा, आणि वर तुझा बाबा माझ्या पदरावर चुरा सांडलाय का ते तपासायचा. थोरल्या बहिणीचा हा मान!

अंघोळीचं तर विचारूच नकोस. औषधी शाम्पू लावला की लगेच धुवायचा नसतो, कातडीत मुरू द्यायचा असतो. तेवढा वेळ हे धूड धरून कोण ठेवणार? तुझा बाबा त्याला मांडीशी घेऊन मोरीत बसायचा आणि बोलत राहायचा. तुझा बाबा, चिंगे, जो आपल्याशी चार शब्द बोलला तर सण वाटायचा! मी एकदा टॉवेल द्यायला गेले आणि दाराबाहेरच थबकले. तो शेठला तुझ्याविषयी सांगत होता. लहानपणी डोक्यावरून पाणी घेताना तू कशी किंचाळायचीस, मग डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन धरला की गप्प व्हायचीस, पण तो निळाच लागायचा, दुसरा चालायचा नाही. तू नेहमी म्हणतेस की बाबा पहाटे भट्टीवर जायचे, संध्याकाळी झोपून जायचे, ते आमच्या वाट्याला आलेच नाहीत. खोटं नाही ते. मीसुद्धा या बाबतीत कायम तुझीच बाजू घेत आले. पण तो नॅपकिन कोण धरायचं ते मला त्या दिवशी कळलं.

इतकं करूनही खाज हटेना. मध्येच भट्टीची कमान खचली आणि दुरुस्तीसाठी बेकरी बंद राहिली. तुझा बाबा दिवसभर घरी. आणि काय आश्चर्य, शेठ झोपायला लागले, लाली उतरली, नरसाळंही निघालं. आम्ही खूश! बेकरी उघडली आणि आठवड्याभरात पुन्हा जैसे थे. मी शेजारच्या आजींवर नजर ठेवली. त्या कुंपणावरून बिस्किटं टाकत असणार याबद्दल माझी खात्रीच झाली होती, खिडकीत पहारे दिले. बिचाऱ्या रोपांना पाणी घालण्यापलीकडे काही करत नव्हत्या.

मग एका दुपारी तुझा बाबा घरी आला, आणि शेठ नेहमीसारखा झेपावून त्याचे हात, मनगटं, पोटऱ्या चाटायला लागला. हा दारातच खिळला. स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग पँटवर एक थाप मारली आणि उन्हात पीठ उडालं. आपण तीन पिढ्या पिठात वाढलो गं. आपल्याला पीठ दिसतच नाही. ते अंगावर असतं, नाकात असतं, उशीवर असतं, आणि आपल्या लेखी तो मळ नव्हे. घरातला शेवटचा चुरा आम्ही वेचून काढला आणि हा माणूस रोज अंगभर गहू लेवून घरात येत होता.

तेव्हापासून तो बेकरीतच, भांडी घासायच्या जागेत, गार पाण्याने अंघोळ करतो. थंडीतसुद्धा. कपडे, टोपी, चपला सगळं तिथेच ठेवतो. गादी बदलली, उशा बदलल्या. आणि एवढं करून स्वच्छ होऊन घरी आला, तर शेठने त्याला हुंगलं आणि पाठ फिरवली! ज्या वासावर त्याचा जीव होता तोच धुऊन आला ना. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. दिवसभर भट्टीपुढे भाजून आलेला माणूस, त्याच्या स्वागताला घरात तेवढा एकच जीव धावायचा, तोही गेला. पण त्याने ना त्याला हाक मारली, ना ओढून घेतलं. रोज येऊन फरशीवर भिंतीला टेकून बसायचा, हात मांडीवर उघडे ठेवून. कितीतरी दिवस असे गेले. मग एकदा शेठ आपणहून उठला आणि त्याच्या तळहातावर हनुवटी टेकवून झोपला. तुझ्या बाबाच्या पायाला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही. मी पाहिलंय. या माणसाबरोबर मी लहानाची मोठी झाले आणि त्याच्यात इतकं काही आहे याचा मला पत्ता नव्हता.

ॲलर्जी मुळापासून जात नाही, ती सांभाळावी लागते असं बाई म्हणतात. हवा बदलली की थोडी खाज येते, अर्धी गोळी द्यावी लागते. तेवढं चालायचंच.

आता तुझ्या पत्राकडे वळते, ते येऊन पंधरवडा झाला आणि मी उत्तर टाळत होते. तुझी रजा संपतेय, बाळ कुणापाशी राहत नाही, म्हणून तू मला सहा महिने बोलावलंस. खाली लिहिलंस की बाबांना यातलं सांगू नकोस, त्यांना धीर नाही, लहान मूल त्यांच्या हाती द्यायला मला भीती वाटते. चिंगे, मी येत नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगता आलं असतं, पण खरं कारण हे की माझ्याहून चांगला माणूस घरात असताना मी कशाला येऊ? तुझ्या बाळाची कुत्र्याशी बरोबरी केली म्हणून रागावलीस तरी चालेल. बेकरी कारागीर बघतील, शेठला मी बघेन, भोपळा उकडायला मीही शिकले आहे. तो आपणहून कधी विचारणार नाही, तू नको म्हणशील याची त्याला भीती आहे. बाळाचा फोटो मात्र रोज मागून घेतो, आणि तोही हात धुऊन. माझ्यामार्फत निरोप देऊ नकोस. तू स्वतः त्याला बोलाव.

या वेळी बाबाची बाजू घेणारी, तरीही तुझीच,
आत्या