अमरावतीला गेलेली आई

सारनाथ,
४ डिसेंबर २०२४

चि. मिनल हिस,
सासूचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पोहोचली वं मी! विहाराच्या धर्मशाळेत खोली मिळाली, खिडकीतून धामेक स्तूप दिसते. तुह्या दवाखान्याच्या पत्त्यावर लिहून राहिली, म्हणजे पत्र अश्विनच्या हाती पडायचं नाही.

ठरल्याप्रमाणे आधी अमरावतीला कुसुमच्या घरी उतरली आणि माहा फोन तिच्या फ्रिजवर ठेवला. मी कुठं आहे ते दिसायची सोय तुह्या नवऱ्यानं त्यात करून ठेवली आहे ना? आता त्याले खुशाल अमरावती दिसू दे. कुसुमले सांगून ठेवलं, त्याचा फोन आला की बहीण आंघोळ करून राहिली म्हणायचं. खरी गंमत पुढंच झाली. बनारसची गाडी नागपुरातच पकडायची होती. आपल्याच गावच्या स्टेशनावर तोंडावर पदर ओढून मी चोरावाणी बसली. समोरून आपल्या वस्तीतले मधुकरराव गेले, पाहिलं, पण ओळखलं नाही. या वयात छातीत एवढी धडधड झाली आणि डॉक्टरकडं जावं लागलं नाही, हे पहिल्यांदाच.

इथं मले कोणी घाई करत नाही. स्तूपाभोवती फिरते, थकली की गवतावर बसते. आज श्रीलंकेच्या एका बाईनं खुणेनं बोलावून आपल्या डब्यातला भात दिला. तिची भाषा मले येत नाही, माही तिले येत नाही, पण वंदना दोघींची एकच निघाली. मग दोघींनी मिळून ती म्हटली आणि डबा संपवला.

उत्तर बोधगयेला टाक, पत्ता मागं लिहिला आहे. गुडघ्याले तेल लावून राहिली, काळजी नको. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुही,
इंदूबाई

*

धंतोली, नागपूर,
१० डिसेंबर २०२४

ती. आईंना,
मिनलचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा काउंटरपुढे यवतमाळ, वर्ध्याकडच्या पेशंटची ही गर्दी होती. मी ते टेबलाखाली धरून वाचलं आणि इतकी हसले, की देवकी सिस्टरनं विचारलं, माहेरचं आहे का. सासूचं आहे म्हटलं तर तिचा विश्वासच बसला नाही.

इकडे मात्र हालत कठीण आहे. यांनी जितक्यांदा फोन केला तितक्यांदा तुम्ही आंघोळीत. काल जेवताना मला विचारत होते, आईला अंगावर काही उठलं आहे का, एवढ्या थंडीत दिवसभर आंघोळी काहून करून राहिली. मी मावशींना गुपचूप फोन करून कारण बदलायला सांगितलं. आता त्या तुम्हाला दर वेळी विहारात पाठवतात. यांचं म्हणणं, अमरावतीला जाऊन आई फारच धार्मिक झाली. त्यात खोटं काय आहे म्हणा!

आई, तुम्ही मदत मागितली तेव्हा मी कारण विचारलं नव्हतं. आता विचारते. एकट्याच काहून गेल्या? मी रजा काढून सोबत आले असते. अश्विन तुमचं वाईट चिंतणारे नाहीत. पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ असं म्हणतात, ते मनापासून म्हणतात. त्यांच्याशी खोटं बोलताना माझा घास अडतो. आपण बरं केलं ना, एवढं कळवा.

थंडीत स्वेटर काढू नका. आजवर जशी सांभाळून घेतलीत तशीच घेत राहा.

तुमची,
मिनल

*

बोधगया,
१६ डिसेंबर २०२४

चि. मिनल हिस,
जयभीम आणि मंगल आशीर्वाद. वि. वि.

तुह्या प्रश्नाचं उत्तर देते. बऱ्याच वर्षांमागं वस्तीतल्या लोकांची बस इथं आली होती, अश्विनचं तेव्हा कॉलेज चालू होतं. स्वयंपाक आम्हा बायांकडं. सगळे दर्शनाले गेले तेव्हा मी बसच्या सावलीत पोळ्या लाटत होती. माह्या पोळ्या सगळ्यांले आवडतात ना! जेवणं, भांडी झाली, मी धावत आत गेली, बोधिवृक्षापुढं हात जोडले, तर बाहेर शिट्टी वाजली. बस सुटत होती. कोणी मुद्दाम केलं नाही वं. पण घरी आल्यावर सगळे त्या झाडाबद्दल बोलायचे आणि मले नुसतं पीठच आठवायचं.

तू सोबत आली असती तर मी तू जेवली का, तुले थंडी वाजते का, हेच पाहत राहिली असती. मले सवयच तशी आहे.

आज सकाळी आत गेली. फोन आत नेऊ देत नाहीत, माह्याजवळ तो नव्हताच. झाडाखाली बसली. बाजूले एक तिबेटी म्हातारा माळ ओढत होता, कुठून कुठून आलेले लोक आपापल्या सुरात म्हणत होते. ऊन माह्या पायावर आलं, मग पाठीवर गेलं, तरी मी बसलीच. कोणाचीच भूक माह्या अंगावर नव्हती. एक पान वाऱ्यानं मांडीवर पडलं, तर मी एकटीच खुदकन हसली. म्हाताऱ्यानं डोळे उघडून पाहिलं आणि तोही हसला.

आपण बरंच केलं, मिनल. तरी तुहा घास अडत असन तर सांगून टाक त्याले. पुढं मी कुशीनगरला चालली, तिथला पत्ता मागं लिहिला आहे. जीव लावला आहे, तो असाच लावून ठेव.

तुही,
इंदूबाई

*

नागपूर,
२३ डिसेंबर २०२४

ती. आईस,
अश्विनचा जयभीम. वि. वि.

मी आजवर कोणाले पत्र लिहिलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे.

परवा तुले भेटायला म्हणून संत्रा बर्फी घेऊन न सांगता अमरावतीला गेलो. मावशीनं दार उघडलं आणि मले पाहून घाबरून म्हणाली, की तू आंघोळ करून राहिली. मी म्हटलं, बसतो. बाथरूमसमोर खुर्ची टाकून बसलो. आत पाणी वाजत होतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळून मावशीचे यजमान, चंपतकाका बाहेर आले. मावशी कान पकडून म्हणते आता कधी खोटं बोलणार नाही. बर्फी काकांनी खाल्ली.

परत येताना गाडीत नुसता धुमसत होतो. मिनलवर ओरडलो. तिनं ऐकून घेतलं आणि तुहं बोधगयेचं पत्र पुढं ठेवलं. ते वाचल्यावर ओरडायला काही राहिलं नाही. पण आई, एक गोष्ट झोपू देत नाही. तू मले एवढी भेतेस का, की घरातून पळून जावं लागलं? मी तुह्यावर कधी आवाज चढवला का? तुले काही झालं तर मी काय करीन, एवढीच भीती होती वं मले.

म्हणशील तर लगेच निघतो, कुशीनगरला येऊन तुले घरी आणतो. रागावलो नाही. माया कमी करू नको.

तुहा,
अश्विन

*

कुशीनगर,
२९ डिसेंबर २०२४

चि. अश्विन यास,
आईचा जयभीम आणि डोक्यावरून हात. वि. वि.

तुहं पत्र वाचून आधी चंपतभाऊजींवर इतकी हसली, की धर्मशाळेच्या बाईनं पाणी आणून दिलं. मग पुढचं वाचलं आणि लगेच लिहायला बसली.

मी तुले भेत नाही रे बाबा. तू जाऊ नको म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं, त्याची मले भीती वाटली. जन्मभर ऐकत आली. तुह्या आजोबांचं ऐकलं, तुह्या बाबांचं ऐकलं, आणि ते सगळे चांगलेच होते. तूही चांगला आहे. चांगल्या माणसाले नाही म्हणणं फार जड जाते.

इथं तथागत आडवे झाले आहेत. लोक त्यांच्या अंगावर चीवर पांघरतात, तेव्हा विहारभर चिडीचूप होते. मी उशापासून पायापर्यंत सावकाश चालत गेली. शेवटचा निरोप म्हणतात, पण तोंडावर किती समाधान! मले रडू येईन वाटलं होतं, तर भूक लागली. बाहेर येऊन गरम जिलेबी खाल्ली. शुगरचं मिनलले सांगू नको.

तू न्यायला येऊ नको. कालच म्यानमारच्या दोन भिक्षुणी भेटल्या. त्या जीप करून लुंबिनीला, नेपाळात चालल्या आहेत आणि एक जागा रिकामी आहे. मतदान कार्ड चालते, मी विचारून घेतलं. जन्म झाला ती जागा राहिलीच होती. मिनलले म्हण, सुट्टी घे आणि तुम्ही दोघंही कुठंतरी फिरून या, घराले कुलूप लागलं तर काही बिघडत नाही.

जीपवाला भोंगा वाजवून राहिला. अश्विन, मी तुले विचारून नाही राहिली, सांगून राहिली.

जिथं जाईन तिथून तुमचीच,
आई