लाल परकर

न्यूयॉर्क, २४ जुलै १७८३

प्रिय बेटताई,

तुझ्या धाकट्या डीनचा तुला मनापासून नमस्कार.

मी खुशाल आहे. इंग्रज शिपायांचे सदरे धुते. हात सोलवटतात, पण मजुरी माझ्याच हातात पडते. हे अक्षरही माझंच, शेजारच्या म्हाताऱ्या जूडिथने शिकवलं. तुला हे जो वाचून दाखवील त्याला म्हणावं, जरा हळू वाच.

लढाई संपली. इंग्रज शहर सोडून निघालेत, आणि मालकांकडून पळून त्यांच्या आसऱ्याला आलेल्या आपल्या काळ्या लोकांना जहाजाने उत्तरेला, नोव्हा स्कोशियाला नेताहेत. माझं जहाज परवा सुटतं. तिकडे थंडी फार, म्हणतात. ईसोपसला मालकाच्या घराच्या त्या माळ्यावर पाच हिवाळे काढलेल्या मला थंडी सांगतात!

बघ, अजून मी हवापाण्याचंच लिहितेय.

तुझी मीना चालायला लागली की तिघींनी मिळून पळायचं, असं आपलं ठरलं होतं. आणि त्या वर्षी पिंक्स्टरच्या सणाला मी एकटीच निघाले. सणाचे चार दिवस आपल्या लोकांना नातलगांकडे जायची मोकळीक असते, कोणी मालकाच्या परवानगीची चिठ्ठी मागत नाही, म्हणून तो दिवस धरला. मालकीणबाई मला मुलीच्या लग्नात आंदण देणार होत्या. ते मला आठ दिवस आधी कळलं होतं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जा गं, माझं काय ते बघेन मी." आणि ते ऐकून माझा पाय निघाला नसता. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," असं तू मला चिडवायचीस ना? तेव्हा बरा भिजला!

जाताना कुंपणावर वाळत घातलेला तुझा लाल परकर घेतला. माझ्या निळ्या परकरात मला सगळे ओळखत होते. तू विहिरीवर पाठमोरी होतीस. मला वाटलं, तू पाहिलं नाहीस.

तिसऱ्या दिवशी नदीच्या तरीवर पोचले, तर नावाडी आल्यागेल्यांना एक कागद वाचून दाखवत होता. 'डीन नावाची मुलगी पळाली आहे. निळा परकर, पायांत काही नाही, उत्तरेला ऑल्बनीच्या वाटेला लागलेली दिसली.' मी अंड्यांची टोपली घेऊन पुढ्यातच उभी, तुझ्या लाल परकरात, ऑल्बनीकडे पाठ करून.

"काय गं, तू कुणाची?" त्याने विचारलं.

"आमच्या बाईंनी अंडी विकायला धाडलंय."

"मग बस की! अंडी उबवून पिल्लं काढायचीत का?"

सगळे हसले. मीही हसले. नदीच्या मध्यावर आले तेव्हा उमगलं, तो कागद तुझ्या खोट्या सांगण्यावरून लिहिला होता. तू पाहिलं होतंस.

पुढचं मला नदीने इथवर ये-जा करणाऱ्या होडीवाल्या प्रिन्सने या मार्चमध्ये सांगितलं. त्या नावाड्याने महिन्याभराने बोलता बोलता मालकाला लाल परकरवालीचं सांगितलं. सगळ्या शेतावर लाल परकर तुझ्या एकटीचा. तुला त्याच आठवड्यात विकलं. कुठे, ते प्रिन्सलाही माहीत नाही. मीना तिथेच ठेवली. "पोर बरी आहे, जास्त विचारू नकोस," एवढंच तो म्हणाला.

ताई, मी तुझं लेकरू तुझ्यापासून तोडलं. मालकाने तोडलं, असं जूडिथ म्हणते. ते खरंच आहे. पण परकर मीच उचलला होता.

आणखी एक सांगायचं राहिलं. मालक लोक इथे येऊन आपली माणसं ओळखून परत नेताहेत. त्यांच्याजवळच्या कागदावर माझं नाव आहे. म्हणून जहाजाच्या वहीत लिहिणाऱ्याने नाव विचारलं, तेव्हा तोंडातून तुझं नाव गेलं. लाज वाटली. पण त्या वहीत आता बेट सुटली आहे.

हे पत्र प्रिन्सकडे ठेवतेय. नदीकाठी कुठेही तुझा पत्ता लागला तर तो आणून देईल. मला शोधायला आलीस तर डीन म्हणून विचारू नकोस, बेट म्हणून विचार. इथे कोणी त्या नावाने हाक मारली की मी अजून आधी मागे वळून बघते.

परकर धुऊन, घडी घालून जपला आहे.

तुझ्या नावावर निघालेली,
तुझी डीन